विहिरीचे आकडे अभ्यासकांना द्यावेत का? द्या, पण रब्बीच्या पेरणीआधी हिशोब परत मिळणार असेल तर

प्रश्न आलाय तो थोडक्यात असा. जालन्याकडचं गाव, वर मोसंबी आणि कांदा, खाली कपाशी-सोयाबीन. एका कॉलेजचे अभ्यासक आणि त्यांच्यासोबत एक संस्था, दोघं मिळून दोन वर्षं गावातल्या विहिरींची पातळी, मोटारीचे तास, पीकपेरा, बोअरची खोली हे सगळं गोळा करणार आणि पाण्याचा ताळेबंद करून देणार म्हणतायत. गावातली म्हातारी माणसं म्हणतात आज आकडे दिले की उद्या बोअरवर बंदी आणि शेतात मीटर. पोरं म्हणतात दिले तर काय बिघडतंय. विचारणाऱ्या भाऊंना दोन गोष्टी हव्यात: आकडे द्यावेत का, आणि दिले तर गावाला नेमकं काय मिळतं.

मी भूजलाच्या कामात बरीच वर्षं आहे, निम्मा वेळ विहिरीच्या कठड्यावर आणि निम्मा वेळ रिपोर्ट लिहिणाऱ्यांच्या शेजारी, त्यामुळे दोन्हीकडच्या खोड्या माहितीयेत. माझं उत्तर: द्या. पण एकच अट पक्की धरा, की ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या वर्षाचे आकडे हिशोब होऊन गावच्या पारावर परत आले पाहिजेत. बाकीच्या अटी नंतर सांगतो, त्यात थोडं मागेपुढे चालेल, ह्यात नाही.

ऑक्टोबरच का, तर ज्वारी तोवर पेरून होत आलेली असते, पण हरभरा, गहू, कांदा ह्यांचा निर्णय बाकी असतो. पाऊस संपलेला असतो, विहिरी वर्षातल्या सगळ्यात वरच्या पातळीला असतात, म्हणजे ह्या वर्षी किती पाणी आहे ते तेव्हाच कळतं आणि त्यावर काही करता येतं तेही तेव्हाच. एकदा कांद्याचं रोप टाकलं, बियाण्याचे पैसे गेले, की मग कुणी कितीही ग्राफ दाखवा, माणूस मागे येत नाही, आणि येऊही नये, त्याचा पैसा अडकलाय. मार्चमध्ये आलेला सुंदर रंगीत रिपोर्ट म्हणजे पोस्टमॉर्टेम. अभ्यासकांचं वर्ष वेगळं चालतं, त्यांना दोन सीझनचा डेटा पूर्ण झाल्यावर विश्लेषण करायचं असतं, मग पेपर, मग गावात एक कार्यक्रम, नारळ, टोपी. त्यांची नियत वाईट असते असं नाही, पण कुणी आधी बोललंच नाही तर असंच होतं. म्हणून पहिल्याच बैठकीत विचारा, की बाबांनो कच्चा का असेना पण हिशोब ऑक्टोबरमध्ये देणार का. "प्राथमिक आकडे शेअर करता येत नाहीत" असं उत्तर आलं तर चहा पाजा आणि नमस्कार करा.

आता गावाला काय मिळतं ते जरा आकड्यात बघू, कारण "जागृती होते" असल्या उत्तरानं कुणाचं समाधान होत नाही.

समजा गावाचं क्षेत्र १००० हेक्टर, पाऊस ५०० मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर १० घनमीटर, म्हणजे १० हजार लिटर. तर गावावर पडलं ५० लाख घनमीटर, आपल्या भाषेत ५००० टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, दहा लाख लिटर). ह्यातलं जमिनीत किती मुरलं? इथं खरी गंमत आहे. देशात भूजलाचा अंदाज काढायची जी ठरलेली पद्धत आहे तिच्यात आपल्या बेसाल्टसाठी, म्हणजे काळ्या खडकासाठी, एकच आकडा नाही. नुसता झिजलेला बेसाल्ट असेल तर पावसाच्या ७ टक्के धरतात, सच्छिद्र आणि सांधे असलेला (आपल्याकडचा मांजऱ्या) असेल तर १३ टक्के. म्हणजे तुमच्या गावात ३५० टीसीएम मुरलं किंवा ६५० टीसीएम मुरलं. जवळजवळ दुप्पट फरक! पुस्तकातला आकडा घेऊन तालुक्याच्या ठिकाणी बसून ताळेबंद केला तर तो जाग्यावर दुप्पट चुकू शकतो, आणि मग शेतकरी म्हणतो हे असलं काही खरं नसतं, बरोबरच म्हणतो.

हा फरक मिटवायला दोन गोष्टी लागतात. एक तुमच्याकडे आहे, दुसरी त्यांच्याकडे. तुमच्याकडे विहिरी आहेत. मे महिन्यात पाणी ११ मीटरवर होतं, ऑक्टोबरमध्ये ४ मीटरवर आलं, म्हणजे ७ मीटर चढ. हा चढ गावातल्या दहा-बारा विहिरींवर नीट मोजला तर तो फार मौल्यवान आकडा आहे आणि तो तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही. सरकारच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी अख्ख्या राज्यात चार हजारांच्या आसपास, आणि त्यांची नियमित मोजणी वर्षातून चारदा, जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. जिल्ह्याचा अंदाज काढायला ते ठीक आहे, पण तुमच्या शिवारात कदाचित एकही नसेल. त्यांच्याकडे काय आहे, तर खडकाचा नकाशा आणि पंपिंग टेस्ट (विहिरीतून पाणी उपसून पातळी किती उतरते नि कशी परत चढते ते मोजायचं). खडकात पाणी धरायची जागा किती ते पंपिंग टेस्टवरून कळतं, आपल्याकडे ती साधारण १ ते ३ टक्के. आणि १००० हेक्टरपैकी पाणी धरणारा थर किती भागाखाली आहे ते नकाशावरून कळतं, सगळ्या शिवाराखाली तो नसतोच. समजा ४०० हेक्टर निघाला आणि जागा २ टक्के निघाली. ४०० हेक्टर गुणिले ७ मीटर गुणिले २ टक्के, ५६० टीसीएम. (पावसाळ्यात उपसलेलं आणि ओढ्यानं वाहून गेलेलं त्यात धरलेलं नाही, ते अभ्यासक धरतील, आपण ढोबळ बघतोय.)

५६० मधून प्यायचं काढा. दोन हजार वस्ती, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे झाले ४० टीसीएम. जनावरांचे वीसेक धरा. उरले ५००. आता ह्या ५०० टीसीएममध्ये गहू केला तर १२५ हेक्टर (४०० मिमी धरून), हरभरा केला तर २०० हेक्टर (२५० मिमी), रब्बी कांदा ८३ हेक्टर (६०० मिमी), आणि ऊस लावायचा म्हटलं तर २५ हेक्टर, बस, संपलं पाणी. आणि तुमच्याकडे तर मोसंबी आहे, तिला उन्हाळ्यात पाणी लागतंच, ते आधी बाजूला काढल्याशिवाय कांद्याचा विचारच करता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात मोसंबीच्या बागा जळाल्या, दहा-पंधरा वर्षं वाढवलेली झाडं सरपणाला गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी दिवाळीलाच कमी होतं, पण किती कमी ते माहीत नव्हतं म्हणून रब्बीचा कांदा नेहमीसारखाच लागला अशी गावं मी स्वतः बघितलीत.

तर गावाला काय मिळतं, हे मिळतं. ऑक्टोबरमध्ये एक आकडा, की ह्या वर्षी ५०० आहे का ३०० आहे.

आता मोजायचं कसं, कारण इथं सगळ्यात जास्त कचरा होतो. विहिरीच्या कठड्यावर एका जागी ऑइलपेंटनं खूण करा, दरवेळी टेप तिथूनच सोडायची. कठडा जमिनीपासून किती उंच ते एकदा मोजून रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहा, ते वजा करावं लागतं, नाहीतर दोन विहिरींची तुलनाच होत नाही. टेपच्या टोकाला एक जड नट बांधला की तो पाण्याला लागल्यावर टप्प असा आवाज येतो आणि टेप हाताला ढिली लागते, दोनदा करून बघायचं, दोन्ही वेळा सारखं आलं तर लिहायचं. परस (पुरुषभर उंचीचं जुनं माप), फूट, मीटर ह्यांची खिचडी करू नका. विहिरीची खोली लोक परसात सांगतात, बोअरची फुटात, आणि अभ्यासकाची शीट मीटरमध्ये असते, आणि मग कुणीतरी ३५ फूट लिहिलेलं ३५ मीटर म्हणून टाईप करतं. टेपवर जे दिसतं ते आणि त्याचं एकक, दोन्ही लिहा, बदलायचं काम त्यांचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मोटार. चालू मोटारीच्या विहिरीत किंवा नुकती बंद झालेल्या विहिरीत घेतलेली पातळी ही पाण्याची खरी पातळी नसते, उपशाचा खड्डा असतो तो. आमच्याकडे एका गावाच्या नोंदींमध्ये एक विहीर दर दुसऱ्या आठवड्याला चार-पाच फूट खाली-वर उड्या मारायची, अभ्यासकांनी त्यावर डोकं खाजवलं, खाली भेग असेल, शेजारच्या पाणलोटातून पाणी येत असेल वगैरे. नोंद घेणाऱ्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, अहो ह्या फिडरची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री, रात्रीच्या आठवड्यात मी सकाळी जातो तेव्हा मोटार रात्रभर चाललेली असते. झालं. एवढी एक गोष्ट कागदावर असती तर दोन महिने वाचले असते. म्हणून रजिस्टरात "मोटार कधी बंद झाली" असा एक कॉलम हवाच हवा. जमलं तर मोटार बंद होऊन बरेच तास झालेत अशाच वेळी मोजा, नाही जमलं तर तसं लिहा. मोजलंच नाही त्या दिवशी घर रिकामं सोडा, अंदाजानं भरू नका. अंदाजे भरलेलं रजिस्टर दिसायला इतकं स्वच्छ असतं की लगेच ओळखू येतं.

मोटारीचे तास हा दुसरा घोळ. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल माफ झालंय, सोलर पंपाला तर बिलाचा प्रश्नच नाही, त्यात बहुतेकांच्या स्टार्टरला ऑटो बसवलेला, लाईट आली की मोटार आपोआप सुरू, मालक झोपलेला. त्याला विचारलं किती तास चालवली, तर तो जे सांगेल ते खोटं नसतं पण त्याला खरंच माहीत नसतं. त्यामुळे तोंडी तास घेऊ नका. अभ्यासकांना सांगा स्टार्टरला तास मोजायचं छोटं मीटर पाच-सहा ठिकाणी तुमच्या खर्चानं बसवा. आणि पाण्याचा फोर्स एकदा मोजा, दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाईलचं स्टॉपवॉच. ४० सेकंदात भरला तर सेकंदाला ५ लिटर, तासाला १८ घनमीटर, आठ तास चालली तर १४४. हे जानेवारीत एकदा आणि मार्चमध्ये परत करा, कारण पातळी खाली गेली की तीच मोटार तेवढं पाणी फेकत नाही, आणि जानेवारीचा आकडा वर्षभर धरला तर उपसा फुगलेला दिसतो.

शेततळी विसरू नका. प्लास्टिकचा कागद टाकलेली शेततळी पावसानं भरतात असं कागदावर असतं, प्रत्यक्षात विहिरीतून उचलून भरतात. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं म्हणजे दोन टीसीएमच्या आसपास, अशी वीस तळी असली तर ४० टीसीएम, म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं प्यायचं पाणी वर उन्हात उघडं ठेवलेलं. हे लिहिलं की लोक चिडतात, मला कळतं, मोसंबी वाचवायला ज्यानं तळं केलं त्याला मी काय तोंडानं नको म्हणू. पण ताळेबंदात ते आलं पाहिजे.

पावसाचंही सांगून ठेवतो. महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्र आहे पण मंडळात दहा-पंधरा गावं येतात आणि आपल्याकडचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो नि दुसऱ्यावर नाही. शाळेच्या मैदानात झाडा-भिंतीपासून लांब एक साधं पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला नोंद, हवामान खातं पण त्याच वेळेला घेतं म्हणजे तुलना करता येते. बास, त्यात आणखी काही नाही.

आता बोअरची खोली, म्हाताऱ्या माणसांच्या भीतीचं मूळ. भीती हवेतली नाही. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, लागू झाला जून २०१४ पासून, आणि त्यात ६० मीटर किंवा जास्त खोल विहीर म्हणजे "खोल विहीर", शेतीसाठी तेवढं खोल जायला बंधन. ६० मीटर म्हणजे १९७ फूट. तर गंमत अशी की तुम्ही कुठल्याही गावात बोअरचा सर्व्हे करा, कागदावर सगळ्या बोअर १८० ते १९५ फुटांच्या निघतात. रिगवाल्याला विचारलं तर तो हसतो. ह्या असल्या आकड्यांवर कुणी थराचा नकाशा काढला तर तो नकाशा काय कामाचा, आणि तरीही असे नकाशे निघतात.

ह्यावर मी गावांना आणि अभ्यासकांना दोघांनाही सांगतो की एकूण खोली विचारूच नका. अभ्यासाला खरं लागतं ते हे, की पाणी कितीला लागलं आणि वाटेत काय काय लागलं. हे शेतकऱ्याला पाठ असतं हो! ज्यानं बोअरला पाऊण-एक लाख घातलेत तो रात्रभर रिगजवळ उभा असतो, पंधरा वर्षांनीसुद्धा सांगतो, बावीस फुटापर्यंत मुरूम, मग पाषाण, ऐंशीला ओल आली, एकशेदहाला लाल माती निघाली, त्याखाली सगळा कोरडा धुरळा. ती लाल माती म्हणजे दोन लाव्हांच्या थरांमधला पट्टा, भूशास्त्राच्या माणसाला हे ऐकून आनंद होतो. आणि फेल गेलेल्या बोअर सांगा, त्या तर आधी सांगा. त्यांची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, कुणी त्याबद्दल बोलत पण नाही, पण अभ्यासकाला यशस्वी बोअरइतकीच फेल बोअर उपयोगी, कारण थर कुठं संपतो ते तिनंच कळतं. आणि पुढच्या भावाचे लाख रुपये वाचतात ते वेगळंच.

उलटी बाजू पण सांगतो, गावं सुद्धा आकडे वाकवतात. टँकर हवा असेल तर विहिरी कोरड्या लिहिल्या जातात, पैसेवारी ५० पैशांच्या आत यावी असं ज्याला त्याला वाटतं, विम्याच्या वेळी नुकसान फुगतं. मी त्याला नावं ठेवत नाही, ज्या कागदावर मदत ठरते तिथं माणूस असंच वागणार. पण म्हणूनच ह्या अभ्यासाचं रजिस्टर त्या कागदांपासून वेगळं राहिलं पाहिजे. तलाठी, टँकरचा प्रस्ताव, विमा, फार्मर आयडी, ह्यातल्या कशालाही हे जोडायचं नाही असं आधीच ठरवा आणि अभ्यासकांकडून लिहून घ्या. एकदा का लोकांना वाटलं की ह्या रजिस्टरवरून टँकर ठरतो, त्या दिवसापासून त्यातली एकही नोंद खरी नसणार.

तर कागद. वकिली भाषेची गरज नाही, एक पान पुरतं, मराठीत, ग्रामसभेत वाचलेलं. प्रत्येक विहिरीला नंबर द्यायचा, नंबर कुणाचा ती यादी गावातल्या दोन-तीन माणसांकडे आणि अभ्यासकांच्या एका माणसाकडे, बाकी कुठंही नाव येणार नाही. बाहेर जे छापतील ते वस्तीनुसार किंवा थरानुसार, एकेका विहिरीचं नाही. अभ्यासक म्हणतील आम्हाला जीपीएस लागतो, ते खरंय, नकाशाला लागतो, द्या, पण तो त्यांच्या आतल्या फाईलमध्ये. सरकारी पैशाचा प्रकल्प असेल तर आकडे सरकारकडे जाणार हे त्यांनी तोंडावर सांगितलं पाहिजे, लपवून नाही. मूळ रजिस्टर गावात राहणार, ते फोटो काढून नेतील. कंपनीला, म्हणजे बियाणं, ठिबक, कर्ज, कुणालाही द्यायचं तर परत ग्रामसभा. आणि एखाद्यानं मध्येच सांगितलं माझी विहीर काढा, तर काढायची, कारण न विचारता. २०२३ चा वैयक्तिक डेटाचा कायदा पण हेच म्हणतो की संमती मागे घेता आली पाहिजे, पण आपण कायद्यासाठी नाही करत, शेजाऱ्याशी भांडण नको म्हणून करतो.

भांडणाचं सांगतो, कारण हे कुणी प्रस्तावात लिहीत नाही. आकडे एकत्र मांडले की दिसतं की अमक्याची बोअर चालली की तमक्याची विहीर बसते. लोकांना अंदाज असतोच, पण ग्राफवर दिसलं की तो पुरावा होतो, आणि दोघं चुलतभाऊ असले, आधीच बांधावरून कोर्टात असले, तर बघायला नको. जमिनीखालचं पाणी ज्याची जमीन त्याचं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे, १८८२ च्या ईझमेंट कायद्यापासूनची, पण खडकाला सातबारा कळत नाही. म्हणून पारावर जे लावायचं ते थराचं लावा: वरच्या वस्तीच्या बाजूचा थर, ओढ्याकाठचा थर. जोडीच्या विहिरींचं त्या दोघांनाच घरी बसून सांगायचं, आणि ते अभ्यासकानं एकट्यानं सांगायचं नाही, गावातलं शहाणं माणूस सोबत हवं.

हे असं कुठं चाललंय का असं विचाराल. हिवरे बाजार सगळ्यांना माहितीये, पण लोक तिथं झाडं आणि सीसीटी (डोंगरउतारावरचे सलग समतल चर) बघून परत येतात, आणि खरी बघायची गोष्ट म्हणजे तिथला पाण्याचा हिशोब. गावात पाऊस मोजतात, त्यावरून त्या वर्षी रब्बीला काय आणि किती ते ग्रामसभेत ठरतं, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. तिथं पोपटराव पवारांसारखं नेतृत्व १९८९ पासून होतं आणि नियम आधी आले, आकडे नंतर. ते सगळ्या गावांना झेपेल असं मला वाटत नाही.

मला तुमच्या गावासाठी जवळचं वाटतं ते आंध्रचं उदाहरण, शेतकऱ्यांनी चालवलेलं भूजल व्यवस्थापन, २००३ ते २००९ च्या सुमाराचं, सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या ६३८ वस्त्या. तिथं शेतकरी स्वतः दर पंधरा दिवसांनी पातळी मोजायचे, पाऊस मोजायचे, आकडे गावातल्या बोर्डावर लिहायचे, आणि रब्बीच्या आधी सगळे बसून ताळेबंद मांडायचे. बंदी कशावरच नाही. ज्याला भात लावायचाय त्यानं लावावा, पण बोर्डावर दिसतंय की पाणी किती आहे आणि सगळ्यांनी ठरवलेलं पीक धरलं तर किती लागणार. बऱ्याच जणांनी आपणहून भात कमी केला, कारण पाणी फेब्रुवारीत संपणार हे समोर दिसत असताना स्वतःचं बियाणं घालवायला कुणाला आवडतं. हे काम जगभर गाजलं. पण पुढच्या पाहण्यांमध्ये प्रश्नही विचारले गेले, प्रकल्पाचा पैसा आणि माणसं गेल्यावर हे किती टिकलं ह्याबद्दल, आणि मला तो प्रश्न बरोबर वाटतो. आपल्याकडे अटल भूजल योजनेत (२०१९ ला सुरू झाली) आणि पोकरातही (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) गावागावात ताळेबंद झाले, पोकराचं पाण्याचं गणित तर आयआयटी मुंबईनं बसवून दिलं, चांगलं काम आहे. पण ज्या गावात ताळेबंद म्हणजे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला तक्ता झाला, तिथं तो ज्या वर्षी रंगवला त्याच वर्षाचा राहिला. जाऊन बघा, तारीख वाचा.

म्हणून भाऊ, त्या मंडळींना विचारायचा शेवटचा प्रश्न पैशाचा आहे आणि तो लाजून विचारू नका. नोंदी कोण घेणार? जर उत्तर "गावातला एखादा उत्साही तरुण, स्वयंसेवक म्हणून" असं असेल तर तो तरुण पहिल्या पावसाळ्यात उत्साही असतो, दुसऱ्यात त्याचं लग्न ठरतं किंवा तो संभाजीनगरला एमआयडीसीत लागतो आणि रजिस्टर कपाटात. त्याला महिन्याचं मानधन ठरवून द्या, अभ्यास चालू असेपर्यंत त्यांच्या बजेटमधून, आणि नंतर ग्रामपंचायतीनं किंवा शेतकरी कंपनी असेल तर तिनं. एक नाही, दोघांना शिकवा, त्यातली एक मुलगी किंवा सून असली तर माझा अनुभव असा की नोंदी जास्त टिकतात. मे महिना संपायच्या आत पहिली पातळी घ्या, करार व्हायचा तेव्हा होऊ दे, कारण मेची पातळी हुकली की ह्या वर्षीचा चढच मोजता येत नाही आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे मागायला तुमच्या हातात काही उरत नाही. टेप, नट, ऑइलपेंटचा डबा आणि शंभर पानी वही, एवढंच लागतं त्याला.